बाकी

आमच्या कारूत पिकअपला बाकी म्हणतात.
फ्लोरिसची बाकी सत्त्याऐंशी सालची,
मूळ रंग पांढरा, असं कागदावर आहे.
तिचं इंजिन मी दोनदा उतरवलंय, क्लच चारदा,
आणि एकदा एअर फिल्टरमध्ये उंदरीण व्यालेली,
तर पिल्लं टोपीत घालून गवतात सोडून आलो.

आज ग्रिएतानं दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या
आणि म्हणाली, अब्राम, शेड एकच आहे.
तूच सांग, कुणाला आत घ्यायचं.

हॅचबॅक लेकीनं पाठवलेली, शार्मेननं, हप्त्यावर.
टोमॅटोसारखी लाल.
बॉनेट उघडलं तर काळ्या प्लॅस्टिकचं झाकण,
हात घालायला कुठे फट नाही.
तीस वर्षं मी इंजिनांशी बोलतोय,
हिनं दारातच सांगितलं, मालक घरी नाहीत.

दोघींचं डावं-उजवं करायला बसलो खरा,
पारडं माझं आधीच झुकलेलं.
बाकीत बारा मेंढ्या मावतात, दाटीवाटीनं तेरा.
पवनचक्कीचे पाइप मावतात.
मार्चमध्ये फ्लोरिसलाही तिच्यातूनच नेला,
टेलगेट तारेनं बांधून,
कारण कडी तिची कधी लागलीच नाही.
हॅचबॅकमधून एखादी मेंढी नेली
तर ती मेंढी जन्मभर तोऱ्यात राहील.
शिवाय हिला जादा चाक नाही,
पंक्चर झालं तर फेसाचा डबा.
आमच्या दगडांना फेस दाखवून काय होणार?

सगळं तिला सांगितलं.
ती कॉफीत रस्क बुडवत होती.
रस्क तुटून आत पडला,
चमच्यानं काढून खाल्ला.
मग म्हणाली, बाकीत बस. चालवायच्या बाजूनं.

बसलो. सीटमध्ये फ्लोरिसच्या आकाराचा खड्डा.
मी त्यात मावतो.
आता उतर, म्हणाली, आणि स्वतः चढली.
इतक्या वर्षांत या दारानं पहिल्यांदाच.
खड्ड्यात बुडाली.
स्टिअरिंगच्या वर नुसते डोळे,
पाय क्लचपासून वीतभर लांब, लोंबत,
उंच बाकावर बसवलेल्या पोरीसारखे.
सीट पुढे सरकत नाही, म्हणाली.

रूळ गंजले होते. मला ठाऊक होतं.
पान्यानं दहा मिनिटांचं काम.
कुणी सांगितलं नाही, म्हणून केलं नाही.
डावीकडची काचही खाली येत नव्हती,
तेही मला ठाऊक होतं.
किती उन्हाळे ती त्या बंद काचेला टेकून बसली असेल!

मग ती लाल गाडीत बसली.
सीट गुमान वर आली, पुढे आली.
शेजारी मक्याच्या पिठाची दहा किलोची पिशवी;
गाडी टुणटुण ओरडायला लागली, पट्टा लावा म्हणून.
तिनं पिशवीला पट्टा लावला, दोनदा थोपटलं.
ही निदान विचारते तरी, म्हणाली,
शेजारी कुणी बसलंय का.

त्रेसष्टाव्या वर्षी लायसन्स. तिसऱ्या खेपेला पास.
दर गुरुवारी साखर तपासायला जाते,
ऐंशी किलोमीटर, एकटी,
आणि येताना माझ्या बायकोची औषधंही आणते,
हे मी तोलताना विसरलोच होतो.

बाकी शेडबाहेर काढली.
दुसऱ्या दमात सुरू झाली, शहाणी.
काटेरी झुडपापाशी उभी केली, तोंड रस्त्याकडे.
लाल गाडी मागच्या मागे, कॅमेऱ्यात बघत,
सावलीत जाऊन बसली.

संध्याकाळी पाना घेऊन परत गेलो.
दहा नाही, चाळीस मिनिटं लागली.
एक नट तोडावाच लागला.
रूळ घासले, तेल सोडलं,
सीट ओढली पुढे, अगदी पुढे,
आणि किल्ली तिच्या उंबऱ्यावर ठेवली.

बाकी काही बोललो नाही.